हिमयुगांचे गणित मांडणारा अभियंता : मिलुतिन मिलांकोविच

भूगोलाच्या शालेय पुस्तकांत हिमयुगांचा उल्लेख एखाद्या परिच्छेदात आटोपतो. उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिका यांवर कधीकाळी दोन-तीन किलोमीटर जाडीचे बर्फाचे थर होते, ते वितळले, पुन्हा साचले आणि पुन्हा वितळले, एवढे विद्यार्थ्याला कळते. हे बर्फ आले कशामुळे आणि गेले कशामुळे, हा प्रश्न मात्र वर्गात क्वचितच निघतो. एकोणिसाव्या शतकातील भूवैज्ञानिकांना तो फार छळत होता. त्याचे उत्तर खडकांत न शोधता आकाशात शोधावे आणि तेही अंदाजाने न सांगता आकड्यांनिशी सांगावे, असा संकल्प ज्यांनी सोडला आणि आयुष्याची तीस वर्षे वेचून तो तडीस नेला, त्या मिलुतिन मिलांकोविच या सर्बियन गणितज्ञाचे चरित्र येथे सांगावयाचे आहे.

डॅन्यूब नदीच्या काठी दाल्य नावाचे गाव आहे. आज ते क्रोएशियात मोडते. २८ मे १८७९ रोजी मिलुतिन यांचा तेथे जन्म झाला, त्या वेळी तो सारा प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. घराणे सर्ब, पंथ ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, राज्य हाब्सबर्ग सम्राटाचे. सर्बिया नावाचा आपल्या लोकांचा देश सरहद्दीपलीकडे, आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या अलीकडे. घरातील भाषा एक आणि राज्यकारभाराची निराळी. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या कुटुंबांना ही स्थिती वेगळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

वडील मिलान हे व्यापारी आणि जमीनदार होते. सात भावंडांत मिलुतिन आणि त्यांची जुळी बहीण मिलेना ही थोरली. मिलुतिन आठ वर्षांचे असताना वडील वारले. तीन भाऊ लहान वयातच क्षयाने गेले. मिलुतिन यांचीही प्रकृती नाजूक असल्यामुळे त्यांना शाळेत न घालता आरंभीचे शिक्षण घरीच शिक्षक ठेवून देण्यात आले. आई येलिसावेता, आजी आणि मामा वासिलिये यांनी मुलांचा सांभाळ केला. या मामांचा आधार मिलुतिन यांना पुढेही फार काळ लाभला.

वयाच्या दहाव्या वर्षी ते जवळच्या ओसियेक शहरातील शाळेत दाखल झाले. तेथे गणित शिकवणारे व्लादिमिर वारिचाक हे असामान्य योग्यतेचे शिक्षक होते. पुढे झाग्रेब विद्यापीठात प्राध्यापक होऊन त्यांनी अयूक्लिडीय भूमिती आणि सापेक्षता सिद्धांत यांचा संबंध दाखवणारे संशोधन केले. परंतु त्या वेळी ते एका माध्यमिक शाळेतील गणिताचे मास्तर होते आणि त्यांच्यासमोर घरी शिकून आलेला एक किडकिडीत मुलगा बसला होता. मिलांकोविच यांना गणिताची गोडी लागली ती या वर्गात. शाळेच्या स्मरणग्रंथात ही गोष्ट जरा ठळकपणे नोंदवली तर वाचकांनी राग मानू नये.

१८९६ मध्ये ते व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकी शिकण्यास गेले. १९०२ मध्ये पदवी आणि १९०४ मध्ये तंत्रशास्त्राची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. तंत्रशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले सर्ब. नंतर व्हिएन्नातील एका नामांकित बांधकाम कंपनीत त्यांनी नोकरी धरली. सळया घातलेले काँक्रीट हे तेव्हा नवे तंत्र होते. धरणे, पूल, जलसेतू, कारखान्यांची छते यांच्या भारांचा हिशेब करणे हे त्यांचे काम. त्यांनी काही पेटंटेही मिळवली. पगार उत्तम, नाव झालेले, व्हिएन्नासारखे शहर. पुढचा मार्ग आखून ठेवल्यासारखा होता.

१९०९ मध्ये बेलग्रेड विद्यापीठाने त्यांना उपयोजित गणिताच्या अध्यापनासाठी बोलावले. विद्यापीठ लहान, ग्रंथालय तुटपुंजे आणि वेतन व्हिएन्नाच्या मानाने अगदीच थोडे. मिलांकोविच यांनी ते पद स्वीकारले आणि सर्बियाचे नागरिकत्वही घेतले. या निर्णयामागे देशप्रेम होते यात शंका नाही; परंतु केवळ तेवढेच होते असे मानणे बरोबर होणार नाही. अभियंत्याच्या कामात प्रश्न दुसऱ्याने आणून द्यावयाचा आणि आपण तो सोडवून द्यावयाचा. त्यांना स्वतःचा प्रश्न हवा होता. बेलग्रेडमध्ये त्यांना मिहाइलो पेत्रोविच यांच्यासारखे गणितज्ञ सहकारी मिळाले. पॅरिसमध्ये शिकलेला हा गणिती डॅन्यूबवर जाळे टाकणारा परवानाधारक कोळीही होता. सर्बियन भाषेत उत्तम विज्ञान लिहिता येते आणि ते जगापुढे ठेवता येते, असा विश्वास असणाऱ्यांची ती मंडळी होती.

प्रश्न मिळाला तो कसा, याची एक हकीकत मिलांकोविच यांनी आपल्या आठवणींत दिली आहे. एका कवी मित्राच्या देशभक्तिपर कवितांचे पुस्तक प्रसिद्ध झाले होते आणि दोघे कॉफी घेत बसले होते. शेजारच्या मेजावर बसलेल्या एका बँकेच्या संचालकांना त्या कविता इतक्या आवडल्या, की त्यांनी तेथल्या तेथे दहा प्रती विकत घेतल्या. मग कॉफीच्या जागी तांबडी मदिरा आली. बाटल्या रिकाम्या होत गेल्या तशी कवीची प्रतिज्ञा मोठी झाली: आता आपण साऱ्या समाजाचे महाकाव्य लिहिणार. गणितज्ञालाही चेव आला. समाज तो केवढासा, आपण सबंध विश्व कवेत घेणार, असे त्यांनी ठरवून टाकले. रात्रीच्या असल्या प्रतिज्ञा सकाळी विरून जातात. ही विरली नाही. जेथे गणिताचा प्रवेश अद्याप झालेला नाही अशी भूमी ते शोधू लागले आणि त्यांची दृष्टी हवामानशास्त्रावर स्थिरावली. ते शास्त्र तेव्हा बहुतांशी निरीक्षणांच्या नोंदींचे होते. सूर्याच्या किरणांपासून आरंभ करून पृथ्वीच्या कोणत्याही ठिकाणचे तापमान गणिताने काढून दाखवण्याचे कार्य कोणी पुरे केले नव्हते.

येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे. पृथ्वीच्या गतींत सावकाश होणाऱ्या फेरफारांमुळे हिमयुगे येत असावीत ही कल्पना मिलांकोविच यांची नव्हे. १८४२ मध्ये आदेमार या फ्रेंच गणितज्ञाने ती मांडली होती. तिला भरीव रूप दिले ते जेम्स क्रोल या स्कॉटिश माणसाने. क्रोल यांना विद्यापीठाचे शिक्षण मिळाले नव्हते. ग्लासगोच्या एका महाविद्यालयात इमारतीची देखरेख करण्याची नोकरी करताना तेथील ग्रंथालयात बसून त्यांनी खगोलशास्त्र आत्मसात केले. कडक हिवाळ्यांमुळे बर्फ साचते असे धरून त्यांनी गणित केले आणि शेवटचे हिमयुग सुमारे ऐंशी हजार वर्षांपूर्वी संपले असा निष्कर्ष काढला. भूवैज्ञानिकांना जमिनीवर मिळणारा पुरावा सांगत होता, की बर्फ हटून तितका काळ मुळीच लोटलेला नाही. मराठी वाचकाला हा वाद अपरिचित असू नये. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्यांच्या उत्तर ध्रुवाकडील मूलस्थानाविषयीच्या ग्रंथात क्रोल यांच्या उपपत्तीची चर्चा केली आहे आणि अमेरिकन भूवैज्ञानिकांनी सांगितलेला अलीकडचा काळ अधिक ग्राह्य मानला आहे. टिळकांचा मूळ सिद्धांत आज मान्य नाही, परंतु हिमयुग संपण्याच्या काळाबाबत त्यांनी केलेली निवड योग्य होती. क्रोल यांची उपपत्ती मात्र त्या सुमारास जवळजवळ टाकून दिली गेली. मिलांकोविच यांनी हाती घेतला तो असा एकदा हरलेला पक्ष होता.

पृथ्वीच्या ज्या तीन गतींवर हा हिशेब उभा आहे, त्या समजण्यास फारशा अवघड नाहीत. पहिली, सूर्याभोवतालच्या कक्षेच्या आकाराची. ही कक्षा कधी जवळजवळ वर्तुळ असते, तर कधी किंचित लांबट होते, आणि हा फेरा सुमारे एक लाख वर्षांचा असतो. दुसरी, पृथ्वीच्या अक्षाच्या कलाची. आज तो सुमारे साडेतेवीस अंश आहे. एक्केचाळीस हजार वर्षांच्या फेऱ्यात तो सुमारे बावीस ते साडेचोवीस अंशांच्या दरम्यान कमी-अधिक होतो. कल वाढला की उन्हाळे अधिक तापतात आणि हिवाळे अधिक गारठतात. तिसरी गती आपल्या ज्योतिर्विदांना फार पूर्वीपासून ठाऊक असलेली, म्हणजे अयनचलनाची. फिरत्या भोवऱ्याची आरी डोलावी तसा पृथ्वीचा अक्ष सुमारे सव्वीस हजार वर्षांत एक घेर घेतो. सूर्याचे उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते आणि आपण मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या आसपास करतो, हे अंतर पडले ते याच गतीमुळे. शिवाय लंबवर्तुळाकार कक्षाही स्वतः हळूहळू फिरते. दोहोंचा मिळून परिणाम असा, की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असण्याची वेळ सुमारे एकवीस हजार वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येते. आज ती वेळ जानेवारीच्या आरंभी येते. दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी ती उत्तर गोलार्धाच्या ऐन उन्हाळ्यात येत असे.

हे तिन्ही फेरे एकमेकांशी जुळणारे नाहीत. कधी एकाचा परिणाम दुसऱ्याला पुसून टाकतो, कधी तिघे एकाच बाजूला ओढतात. म्हणून अमुक हजार वर्षांपूर्वी अमुक अक्षांशावर अमुक ऋतूत किती ऊन पडत होते, हे सांगावयाचे तर प्रत्येक वेळचा हिशेब वेगळा करावा लागतो. यंत्रे नव्हती. सारे हाताने करावयाचे. या विषयावरचा त्यांचा पहिला निबंध १९१२ मध्ये आला. त्याच वर्षी बाल्कन युद्ध सुरू झाले आणि त्यांना सैन्यात जावे लागले. परतल्यावर निश-क्न्याझेवाट्स या नियोजित रेल्वेमार्गावरील काँक्रीटच्या पुलांची आखणी त्यांनी केली. प्राध्यापकाच्या पगाराला अभियंत्याच्या कामाची जोड लागत होती.

१९१४ च्या जूनमध्ये त्यांचा ख्रिस्तिना तोपुझोविच यांच्याशी विवाह झाला आणि नवपरिणीत जोडपे दाल्य येथे, म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीत गेले. महायुद्धाचा भडका उडाला. मिलांकोविच आता सर्बियाचे नागरिक होते, म्हणजेच जन्मगावी शत्रू देशाचे नागरिक ठरले. त्यांना अटक करून ओसियेकच्या किल्ल्यात कोंडण्यात आले. ज्या शहरात ते गणित शिकले त्याच शहरातील ही कोठडी. लोखंडी दार बंद झाल्यावर त्यांनी खाटेवर बसून खोलीभर नजर फिरवली आणि मग आपली छोटी पेटी उघडली. तीत त्यांचे छापील निबंध, अर्धवट राहिलेली टिपणे आणि कोरे कागद होते. ते लिहू लागले. मध्यरात्र उलटल्यावर त्यांनी मान वर केली तेव्हा आपण कोठे आहोत हे क्षणभर त्यांच्या ध्यानात येईना. विश्वाच्या प्रवासात रात्रीपुरता मिळालेला मुक्काम आहे असे त्यांना वाटले. हे वर्णन त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

ओसियेकहून त्यांची रवानगी नेझिडरच्या छावणीत झाली. इकडे ख्रिस्तिना स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी व्हिएन्ना गाठले आणि पतीचे गणिताचे जुने गुरू एमानुएल चूबर यांना मध्यस्थी करण्यास सांगितले. चूबर यांच्या खटपटीला यश आले. १९१४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी मिलांकोविच यांची छावणीतून सुटका झाली. बुडापेस्टमध्ये राहावे, शहर सोडू नये, मात्र वैज्ञानिक काम करण्यास हरकत नाही, अशी सवलत मिळाली. बुडापेस्टमध्ये हंगेरियन विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयाचे प्रमुख कोलोमान सीली यांनी या नजरकैदेतील पाहुण्याला आपल्या ग्रंथालयात जागा दिली. दोन देश परस्परांचे गळे कापत असताना शत्रूपक्षाच्या गणितज्ञासाठी पुस्तकांची कपाटे उघडणाऱ्या या वृद्ध गृहस्थांचे नाव इतिहासात मोठे नाही. या चरित्रात ते यावयासच हवे.

चार वर्षे हा क्रम चालला. १९१५ मध्ये तेथेच पुत्र वासिलिये यांचा जन्म झाला. युद्ध संपले तेव्हा सूर्यप्रारणाने उत्पन्न होणाऱ्या उष्णतेच्या गणिती सिद्धांताचा ग्रंथ हस्तलिखित रूपाने तयार होता. तीत पृथ्वीबरोबर मंगळ, शुक्र आणि चंद्र यांच्या तापमानाचाही विचार होता. मंगळावर कालवे खणणारे जीव राहतात अशी कल्पना त्या काळी लोकप्रिय होती. मिलांकोविच यांच्या आकड्यांनी दाखवले, की तेथे पाणी गोठून राहावे एवढी थंडी आहे. १९१९ च्या मार्चमध्ये ते कुटुंबासह बेलग्रेडला परतले आणि १९२० मध्ये हा ग्रंथ फ्रेंच भाषेत पॅरिसहून प्रसिद्ध झाला.

दोन वर्षांनी, २२ सप्टेंबर १९२२ ही तारीख असलेले एक पत्र जर्मनीहून आले. पत्रलेखक व्लादिमिर कोपेन. जगातील हवामानाचे प्रकार पाडणारे म्हणून कोपेन यांचे नाव भूगोलाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आजही शिकावे लागते. वयाने ते तेव्हा पंचाहत्तरीपार होते. त्यांचे जामात आल्फ्रेड वेगेनर यांनी खंडवहनाची उपपत्ती मांडली होती आणि दोघे मिळून भूशास्त्रीय काळातील हवामानावर ग्रंथ लिहीत होते. त्यांना मिलांकोविच यांच्या गणिताची गरज होती. मिलांकोविच यांना कोपेन यांच्याकडून मिळाले ते याहून मोलाचे. बर्फ साचण्याचे कारण कडक हिवाळा की मंद उन्हाळा, हा प्रश्न त्यांनी कोपेन यांना विचारला आणि वृद्ध हवामानशास्त्रज्ञाने उत्तर दिले ते उन्हाळ्याचे. उत्तरेकडील प्रदेशांत हिवाळा कसाही असो, बर्फ पडतेच. ते टिकते की नाही हे उन्हाळा ठरवतो. उन्हाळे सौम्य झाले की गेल्या वर्षीचे बर्फ पुरते वितळण्यापूर्वी नवे पडते, थरावर थर चढतात, पांढरा पृष्ठभाग ऊन परतवून लावतो आणि गारठा आणखी वाढतो. क्रोल यांचे गणित जेथे चुकीच्या दिशेला वळले होते ते हेच ठिकाण.

मिलांकोविच यांनी सारे काम बाजूला ठेवले आणि ५५, ६० आणि ६५ उत्तर अक्षांशांवर गेल्या साडेसहा लाख वर्षांत उन्हाळ्याच्या सहामाहीत सूर्याची उष्णता किती मिळत होती याचा हिशेब मांडला. सकाळपासून रात्रीपर्यंत आकडेमोड, आणि ती सुमारे शंभर दिवस. मग त्या आकड्यांवरून एक वक्ररेषा काढून त्यांनी ती कोपेन यांच्याकडे पाठवली. आकडे सामान्य वाचकाला बोलके वाटावेत म्हणून त्यांनी एक युक्ती केली होती. उष्णतेचे परिमाण देण्याऐवजी, पासष्टाव्या अक्षांशावर त्या काळी पडणारे ऊन आज कोणत्या अक्षांशावर पडते, हे त्यांनी दाखवले. रेषा वर चढली की समजावे, तेथला उन्हाळा तेव्हा ध्रुवाजवळच्या आजच्या उन्हाळ्यासारखा फिका होता.

कोपेन यांनी ती रेषा आल्प्स पर्वतातील हिमयुगांच्या क्रमाशी ताडून पाहिली. पेंक आणि ब्रुकनर या भूगोलतज्ज्ञांनी नद्यांच्या काठांवरील खडीच्या थरांवरून चार हिमयुगे निश्चित केली होती. रेषेतील गारठ्याचे काळ त्या चारांशी जुळत असल्यासारखे दिसले. मधला मोठा उबदार कालखंडही जागच्या जागी आला. १९२४ च्या सप्टेंबरमध्ये इन्सब्रुक येथील परिषदेत वेगेनर यांनी ही रेषा विद्वानांपुढे ठेवली, तेव्हा तिचा कर्ता श्रोत्यांत बसला होता. त्याच वर्षी ती कोपेन-वेगेनर यांच्या ग्रंथात छापून आली आणि मिलांकोविच यांचे नाव युरोपभर झाले.

याच सुमारास त्यांनी पंचांगशोधनाचेही एक मोठे काम केले. १९२३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे ऑर्थोडॉक्स चर्चची परिषद भरली. जुनी ज्युलियन कालगणना सूर्यापासून तेरा दिवसांनी भरकटली होती. पण रोमच्या पोपने घालून दिलेली ग्रेगोरियन पद्धत जशीच्या तशी घेणे पुष्कळांना रुचत नव्हते. शतकाच्या शेवटच्या वर्षांसाठी नवा नियम करावा असा प्रस्ताव त्र्प्कोविच या सर्बियन गृहस्थांनी पूर्वी मांडला होता. तो सुधारून मिलांकोविच यांनी नियम दिला तो असा: शतकाअखेरच्या वर्षाला ९०० ने भागून बाकी २०० किंवा ६०० उरली तरच ते लीप वर्ष धरावे. यामुळे वर्षाची सरासरी लांबी खऱ्या सौरवर्षापेक्षा अवघी दोन-तीन सेकंद अधिक राहते. ग्रेगोरियन पद्धतीत हा फरक सुमारे सव्वीस सेकंदांचा आहे. गंमत अशी, की दोन्ही पद्धतींच्या तारखा इ. स. २८०० पर्यंत एकच येतात, म्हणजे पोपची पद्धत न स्वीकारताही ती व्यवहारात पाळता येते. ग्रीस, रुमानिया इत्यादी ठिकाणच्या चर्चनी ही कालगणना घेतली. खुद्द सर्बियाच्या चर्चने आजतागायत घेतलेली नाही. आपल्याकडेही मेघनाद साहा यांच्या समितीने शिफारस केलेले आणि १९५७ पासून शासनमान्य असलेले राष्ट्रीय सौर पंचांग राजपत्रावर छापले जाते, आणि घरांत मात्र भिंतीवर दुसरेच टांगलेले असते. पंचांगाच्या बाबतीत जगभर सारखेच चालते म्हणावयाचे.

१९२८ मध्ये त्यांनी मातृभाषेत एक निराळेच पुस्तक प्रसिद्ध केले. एका अनामिक तरुणीला लिहिलेल्या पत्रांच्या रूपाने त्यांनी खगोलविद्येचा इतिहास आणि विश्वाची सफर त्यात सांगितली. सर्बियन वाचकांना मिलांकोविच प्रथम भेटतात ते बहुधा या पुस्तकातून. विद्यार्थ्यांसाठी खगोलीय यामिकीचे पाठ्यपुस्तकही त्यांनी लिहिले. दोन कामे एकाच लेखणीची होती: जगासाठी फ्रेंच आणि जर्मन, घरच्यांसाठी सर्बियन.

पुढे विखुरलेले सारे संशोधन एका ग्रंथात आणण्याचे काम त्यांनी हाती घेतले. पृथ्वीला मिळणाऱ्या सूर्यप्रारणाचा आणि हिमयुगांच्या प्रश्नाचा हा ग्रंथ जर्मन भाषेत, सर्बियन शाही अकादमीतर्फे छापला जात होता. सहाशेहून अधिक पृष्ठे. छपाई जवळजवळ पुरी झाली आणि ६ एप्रिल १९४१ रोजी जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बाँबवर्षाव केला. राष्ट्रीय ग्रंथालय हस्तलिखितांसह जळून गेले. ज्या छापखान्यात मिलांकोविच यांच्या ग्रंथाचे काम चालू होते तोही उद्ध्वस्त झाला. परंतु छापलेले बहुतेक ताव गोदामात सुरक्षित सापडले. थोडी पृष्ठे मात्र पुन्हा छापावी लागली. पुढच्या महिन्यात, १५ मे रोजी, दोन तरुण जर्मन अधिकारी त्यांच्या दारात उभे राहिले. ते भूविज्ञानाचे विद्यार्थी निघाले. फ्रायबुर्गचे प्राध्यापक सोर्गेल यांचा नमस्कार सांगण्यास आले होते. मिलांकोविच यांनी ग्रंथाची हाती असलेली एकमेव पूर्ण प्रत त्यांच्याजवळ सोर्गेल यांना देण्यासाठी सोपवली. आपले शहर बेचिराख करणाऱ्या सैन्यातील माणसांच्या हाती तीस वर्षांचे श्रम देताना त्यांना काय वाटले असेल याचा तर्क ज्याने त्याने करावा. हेतू सरळ होता: बेलग्रेडचे काहीही होवो, एक प्रत तरी कोठे वाचावी. शत्रूने व्यापलेल्या शहरात उरलेला काळ त्यांनी घरी बसून आपल्या आठवणी लिहिण्यात घालवला.

युद्धानंतर ते अकादमीचे उपाध्यक्ष झाले आणि काही काळ बेलग्रेड वेधशाळेचे संचालकही होते. १९५४ मध्ये व्हिएन्नाच्या विद्यापीठाने त्यांच्या डॉक्टरेटला पन्नास वर्षे झाल्याबद्दल त्यांचा सुवर्णपत्राने गौरव केला. मान मिळत होते. सिद्धांत मात्र मान्यता गमावत होता. कर्बाच्या किरणोत्सर्गी अणूंवरून प्राचीन वस्तूंचे वय ठरवण्याची पद्धत नुकतीच निघाली होती आणि तिने दिलेल्या तारखा त्यांच्या रेषेशी जागोजागी जुळेनात. आल्प्समधील चार हिमयुगांचा क्रमही डळमळू लागला. बहुतेक भूवैज्ञानिकांनी ही उपपत्ती सोडून दिली. मिलांकोविच यांनी आपल्या आकड्यांत फेरफार केला नाही. ग्रहगतींचे गणित त्यांनी स्वतः तपासले होते. भूशास्त्राचा पुरावा तपासणे हे आपले काम नव्हे, अशीच त्यांची भूमिका राहिली. त्यांच्या या शांतपणाला कोणी हेकेखोरपणा म्हटले असते तर त्या वेळी त्याला उत्तर देणे कठीण होते. १२ डिसेंबर १९५८ रोजी बेलग्रेड येथे त्यांचे निधन झाले. १९६६ मध्ये त्यांचे अवशेष दाल्य येथे नेऊन कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आले.

त्यांचा ग्रंथ १९६९ मध्ये जर्मनमधून इंग्रजीत आला, आणि तोवर पुरावा गोळा करण्याचे ठिकाणच बदलले होते. जमिनीवर प्रत्येक नवे हिमयुग आधीच्या हिमयुगाच्या खुणा पुसून टाकते. समुद्राच्या तळाशी गाळ मात्र शांतपणे थरांवर थर साचत राहतो. त्यातील फोरामिनिफेरा या सूक्ष्म जीवांच्या शिंपल्यांत ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंचे प्रमाण मोजले, तर त्या त्या काळी पृथ्वीवर बर्फ किती होते हे कळते. दक्षिण हिंदी महासागराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या दोन लांब नळकांड्यांवर जेम्स हेज, जॉन इम्ब्री आणि निकोलस शॅकल्टन यांनी काम केले आणि १० डिसेंबर १९७६ रोजी निष्कर्ष प्रसिद्ध केला. सुमारे साडेचार लाख वर्षांच्या त्या नोंदीत एक लाख, बेचाळीस हजार, तेवीस हजार आणि एकोणीस हजार वर्षांचे ताल आढळले. शेवटचे दोन अयनचलनाचेच. मिलांकोविच यांच्या मृत्यूला तेव्हा अठरा वर्षे होत आली होती. ज्या पुराव्याने त्यांना कीर्ती मिळाली तो आल्प्समधील क्रम अपुरा ठरला होता, कारण हिमयुगे चारांहून कितीतरी अधिक झाली आहेत; आणि ज्या पुराव्याने त्यांचे गणित सिद्ध झाले तो त्यांनी कधी पाहिलाही नाही. त्यांच्या रेषेला ज्यांनी आपल्या ग्रंथात आश्रय दिला त्या वेगेनर यांचीही हीच गत झाली. ते १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात गेले आणि खंडवहनाला मान्यता मिळाली ती १९६० नंतरच्या दशकात.

हे गणित केवळ उत्तरेच्या बर्फापुरते नाही. १९८१ मध्ये जॉन कुट्झबाख या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने नऊ हजार वर्षांपूर्वीची पृथ्वीची कक्षा आणि अक्ष संगणकाच्या प्रतिकृतीत घातला. तेव्हा उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात ऊन आजच्यापेक्षा अधिक पडे, जमीन अधिक तापे, आणि त्यामुळे आशिया आणि आफ्रिकेचा मोसमी पाऊस आजच्यापेक्षा जोरदार होता, असे उत्तर आले. आपला नैर्ऋत्य मोसमी वाराही अशा रीतीने त्याच आकड्यांना बांधलेला आहे. अलीकडच्या शंभर-दीडशे वर्षांतील तापमानवाढीशी मात्र या फेऱ्यांचा संबंध जोडता येत नाही. त्यांची चाल हजारो वर्षांची आहे.

चंद्रावरील आणि मंगळावरील एकेका विवराला त्यांचे नाव दिलेले आहे, आणि सर्बियाच्या दोन हजार दिनारांच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे. एक गाठ तेवढी अद्याप सुटलेली नाही. कक्षेच्या आकारातील एक लाख वर्षांच्या फेऱ्यामुळे पृथ्वीला मिळणाऱ्या एकूण उष्णतेत पडणारा फरक अत्यल्प आहे. तरीही गेल्या सात-आठ लाख वर्षांत बर्फाच्या चढउतारांत सर्वांत ठळक दिसतो तो हाच ताल, आणि त्याआधी बराच काळ दिसतो तो एक्केचाळीस हजार वर्षांचा. ताल मध्येच का बदलला, आणि इतक्या दुबळ्या कारणाला इतका प्रबळ परिणाम कसा साधला, यावर संशोधकांत एकमत झालेले नाही.